दुरुस्तीनंतरही ऑटोमॅटिक गाडी सटकते? घाट चढण्याआधी हे वाचा

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स दुरुस्त करून आणला, बिल भरलं, आणि तरीही अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा वर पळतो, गाडी मात्र उचलत नाही. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं, "भाऊ, दोन-चारशे किलोमीटर चालवा, सेट होऊन जाईल." माझी विनंती एवढीच, की या उत्तराच्या भरवशावर गाडी पुढे रेटू नका.

उत्तर अगदीच खोटं नसतं, म्हणून तर ते खपतं. काम झाल्यावर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर नव्या क्लच प्लेटा कधी, किती दाबाने धरायच्या हे चालता-चालता शिकतो. तोवर गिअर बदलताना हलका झटका बसतो, एखादा गिअर रेंगाळून पडतो. तेवढं खरंच निवळतं. सटकणं निवळत नाही. सटकणं म्हणजे आतल्या प्लेटा एकमेकींना धरण्याऐवजी घासताहेत. घासल्या की तापतात, तापल्या की त्यांच्यावरचा थर जळतो, त्याची काजळी तेलातून फिरत बारीक वाटांमध्ये जाऊन बसते. मग दाब आणखी कमी, पकड आणखी ढिली. आज तेलाच्या एका डब्यात मिटलं असतं ते महिन्याभराने अख्ख्या गिअरबॉक्सवर जातं. म्हणून झटका असेल तर थोडी कळ काढा, पण काटा पळतोय आणि गाडी मागे राहतेय असं दिसलं तर त्याच दिवशी परत फिरा.

आपल्या चाळीसगावकरांना हा दोष उशिरा कळण्यात रस्त्याचाही हात आहे. छत्रपती संभाजीनगरला काम करून घेतलं असेल तर येताना कन्नड सोडल्यावर औट्रम घाट उतरायचा. उतारावर गाडी आपल्याच वजनाने धावते, इंजिनाचा जोर गिअरबॉक्सवर जवळजवळ येतच नाही. सटकणारी पेटीसुद्धा तिथे गुणी वाटते. मालक खुशीत घरी येतो. गावातल्या गावात आणि धुळ्याच्या सपाट रस्त्यावर सगळं ठीक. मग एक दिवस पाच माणसं, मागे सामान, एसी सुरू, आणि तोच घाट चढायला घेतला, की कुठल्या तरी वळणावर काटा चार हजारांवर आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. मागे गाड्यांची रांग, बाजूला कठडा. पावसाळ्यात तर हा घाट धडधाकट गाडीचीही परीक्षा पाहतो. 31 ऑगस्ट 2021 ला दरडी कोसळून वाहतूक अडकली होती, ते पुष्कळांना आठवत असेल.

तेव्हा पारख गॅरेजच्या दारातच करा. थंड गाडीची एक फेरी मारून "मस्त आहे" म्हणू नका. थंड तेल घट्ट असतं, ते दोष झाकतं. अर्धा तास गर्दीतून फिरवा, एसी लावा, मेकॅनिकलाच शेजारी बसवा, आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. काटा आणि वेग बरोबरीने चढताहेत का ते बघा. सपाटीवर उभी करून ब्रेकवर पाय ठेवून एन मधून डी मध्ये टाका, मग आर मध्ये. एक-दोन सेकंदांत गाडीने पकड घेतल्याचं जाणवलं पाहिजे. चार-पाच सेकंद वाट बघायला लागत असेल तर आत दाब पुरेसा नाही. मात्र ब्रेक दाबून पूर्ण रेस द्यायची जी चाचणी काही जण हौसेने करून दाखवतात, ती करू देऊ नका. त्या चाचणीत तेल काही सेकंदांत उकळायला येतं.

आता कारण. दुरुस्तीनंतर लगेच सटकायला लागली तर आधी संशय दुरुस्तीवरच घ्यायचा आणि त्यातही आधी तेलावर. गिअरबॉक्स खोलताना तेल काढलं होतं, टॉर्क कन्व्हर्टर उतरवला होता, कुलरच्या नळ्या सोडल्या होत्या. परत भरताना जितकं निघालं तितकंच मोजून ओतलं, तर कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये भरायचं तेल हिशोबातून राहून जातं. गाडी सुरू केली की पंप ते आत ओढतो आणि तळाची पातळी खाली जाते. पंपाने तेलाबरोबर हवा ओढली की दाब गेलाच. गंमत म्हणजे तेल जास्त झालं तरी हेच होतं, कारण फिरते भाग ते घुसळून फेस करतात.

पातळी बघायची रीतही निराळी आहे. हल्लीच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. गाडी सपाट उचलून, इंजिन सुरू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना खालचा बोल्ट उघडायचा आणि तेलाची बारीक धार थेंबांवर येऊन थांबू द्यायची. हे तापमान पुष्कळ गाड्यांत 35 ते 50 अंशांच्या आत कुठेतरी असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. आता खानदेशातला मे महिना आठवा. बाहेर 43-44, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. गाडी दोन मिनिटं चालू केली की तेल ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेलेलं असतं. तापलेलं तेल फुगतं, बोल्ट उघडला की फुगलेलं भसाभस बाहेर पडतं, मेकॅनिक म्हणतो जास्तीचं निघालं, आणि रात्री गाडी थंड झाल्यावर आत तेल कमी. इमानदारीने काम करणाऱ्या माणसाकडूनही ही चूक होते. म्हणून उन्हाळ्यात पातळी सकाळी लवकर, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत तपासायला सांगा. शेजारी उभे राहा, काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

तेल कुठलं ओतलं तेही विचारा, आणि रिकामा डबा बघा. "सगळ्याला चालतं" असं लिहिलेल्या डब्यावर माझा विश्वास नाही. ह्युंदाईच्या सहा गिअरच्या पेटीला एसपी-4 लागतं, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना डब्ल्यूएस, आणि सीव्हीटीचं तेल तर वेगळ्याच जातीचं असतं. सीव्हीटीत गिअर नसतात, पोलादी पट्टा दोन पुल्यांना घट्ट धरून चालतो, आणि ती पकडही तेलावर अवलंबून. तिच्यात साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं तेल, पडलं की पट्टा घसरतो आणि पुल्यांवर ओरखडे पडतात. काढलेलं तेल पांढऱ्या कागदावर थेंबभर टाकून बघा. काळं आणि करपल्या वासाचं असेल तर प्लेटा जळल्या आहेत. गुलाबीसर दुधाळ असेल तर रेडिएटरच्या कुलरमधून किंवा बाहेरून पाणी शिरलंय. तितूर नदीच्या पुरात 2021 ला चाळीसगावात पाणी शिरलं होतं, तशा पुरातून निघालेली जुनी गाडी घेतली असेल तर हे आधी बघा. पाणी लागलेल्या प्लेटांचा थर सुटतो, तिथे नुसतं तेल बदलून भागत नाही.

तुमची गाडी एएमटी असेल तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा. 2014 मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे आलेली ही पद्धत म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. ती सटकते तेव्हा बहुतेक वेळा क्लच प्लेट घसरत असते. नवी प्लेट टाकल्यावर क्लच कुठे पकडतो हे स्कॅनर लावून यंत्राला शिकवावं लागतं. त्याला आपल्याकडे लर्निंग म्हणतात. ते न करता गाडी दिली तर कोरी प्लेटही सटकते. लर्निंग केलं असेल आणि तरी सटकत असेल तर मागच्या सीलमधून प्लेटवर तेल गळतंय का ते बघायला लावा. दोन क्लचवाल्या डीसीटीलाही असंच शिकवावं लागतं. आणि सवय आपलीही बघा: सिग्नलच्या चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर एएमटीची प्लेट काही महिन्यांत जाते, त्याला मेकॅनिक काय करणार?

गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची भाषा सुरू झाली तर थांबवा आणि आधी लॅपटॉप लावून कोड काढायला सांगा. पी0730 म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, पी0741 म्हणजे कन्व्हर्टरचा लॉक नीट धरत नाही. कोडचा फोटो काढून ठेवा, कारण कोड पुसून गाडी परत देणं फार सोपं असतं. जोडायचा राहिलेला प्लग, अर्थिंगची ढिली वायर, मरगळलेली बॅटरी यांच्यामुळेही गिअरबॉक्स वेडावतो, आणि हे तपासायला पेटी उघडावी लागत नाही. इंजिनच मिसिंग करत असेल तर गाडी उचलत नाही, पण तेव्हा काटाही वर पळत नाही. दोन्हींतला फरक तुम्हीच नीट सांगा.

हे सगळं जॉब कार्डवर लिहून घ्या: कोणता भाग बदलला, कोणतं तेल, किती लिटर, लर्निंग केलं की नाही, वॉरंटी किती. जुने भाग मागून घ्या. बिल नको, दोन हजार कमी होतील, या मोहात पडू नका, कारण पुढे भांडायची वेळ आली तर तो कागदच लागतो. आधी त्याच गॅरेजला लेखी कळवून एक संधी द्या. दुसरीकडे गिअरबॉक्स खोललात की पहिला मेकॅनिक हात वर करणार, आणि त्याचं म्हणणं चुकीचंही ठरणार नाही. दाद मिळाली नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे काम संभाजीनगरला झालं असलं तरी तक्रार आपल्या जळगावच्या जिल्हा आयोगात करता येते. मुदत दोन वर्षं, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही.

एवढं करूनही घाटातच सटकायला लागली तर वर पोचायची जिद्द धरू नका. एसी बंद करा, रुंद जागा बघून कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, चाकाला दगड लावा आणि गाडी निवू द्या. डी मध्ये पकड येत असेल आणि वळवायला सुरक्षित जागा असेल तरच खालच्या गिअरवर सावकाश चाळीसगावकडे उतरा. पकड येतच नसेल तर उतरू नका, कारण इंजिनाचा आधार नसताना सगळा भार ब्रेकवर येतो. राष्ट्रीय महामार्गाची 1033 ही हेल्पलाइन आहे. टोचनवाला आला की त्याला आधीच सांगा गाडी ऑटोमॅटिक आहे. दोर बांधून ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना आतला पंप फिरत नाही आणि चाकं फिरत राहिली तर पेटी कोरडी घासते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून न्यायची, जमलं तर सरळ गाडीवर चढवून.