ओठ आधी, आवाज मागून

उशिराशी आपलं तसं वैर नाही. सभेचे अध्यक्ष उशिरा येतात, गवंडी 'उद्या येतो' म्हणून पंधरवड्याने उगवतो, आणि पत्रिकेतला मुहूर्त टळून गेल्यावर मंगलाष्टकं सुरू झाली तरी कुणाचा संसार अडल्याचं ऐकिवात नाही. पण माणसाचे ओठ मिटावेत आणि मग त्याचा आवाज यावा, हा उशीर मात्र मला सोसत नाही. लॅपटॉपवर नाटक लावावं, कानाला बिनतारी हेडफोन चढवावा, तर नायक शांतपणे चहाचा घोट घेतो आहे आणि त्याच वेळी 'मी प्राण गेला तरी बोलणार नाही' असं ठणकावतो आहे! करुण प्रसंगात तर नायिका पदराने डोळे पुसून आत निघून जाते आणि हुंदका मागे राहतो.

आता यावर उपाय विचारायला तुम्ही विक्रेत्याच्या मदत-केंद्राला फोन करा. पलीकडचा मुलगा मोठा गोड बोलतो. "सर, एकदा रीस्टार्ट करून बघा ना." आमच्या लहानपणी डॉक्टर कसल्याही आजारावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगत, त्यातलाच हा प्रकार. रीस्टार्ट झालं की ड्रायव्हर अपडेट करा. तेही झालं की, "सर, तुमचं इंटरनेट स्लो असेल." अरे बाबा, इंटरनेट रखडलं तर चित्र आणि आवाज दोघेही हातात हात घालून थांबतील. आणि मी बघतोय ते नाटक लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवलेलं आहे, त्याचा इंटरनेटशी संबंध काय? पण हे सांगेपर्यंत फोन कट होतो.

खरं कारण साधं आहे आणि ते त्या मुलाच्या साहेबांना पक्कं ठाऊक आहे. बिनतारी हेडफोनकडे आवाज थेट जात नाही. लॅपटॉप त्याच्या बारक्या पुड्या बांधतो, त्या हवेतून पाठवतो, हेडफोन त्या सोडतो, आणि मध्येच तुटायला नको म्हणून चार पुड्या हाताशी साठवून मग ऐकवायला घेतो. चित्राला हा प्रवास नाही, ते आपलं समोर हजर. या पुड्या बांधण्या-सोडण्यात जुन्या धाटणीच्या ब्लूटूथमध्ये सहज २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. त्यात काय एवढं, असं म्हणू नका. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्या हिशेबाने तुम्ही डोळ्यांनी पहिल्या रांगेत बसलेले असता आणि कानांनी ६८ मीटर मागे, म्हणजे नाट्यगृहाबाहेर वडापावच्या गाडीपाशी!

थोडा उशीर माणूस चालवून घेतो, हे खरं. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. नदीपलीकडे कुणी धुणं आपटत असेल तर धोपाटणं वर गेल्यावर धप्प ऐकू येतं. निसर्गानेच ती सवय लावली आहे. पण तिलाही मर्यादा आहे. प्रसारणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली लिहून ठेवलं, की आवाज १२५ मिलिसेकंद मागे पडला किंवा ४५ पुढे गेला की बघणाऱ्याला खटकू लागतं. तेव्हा 'सर, हे तुम्हालाच जाणवतंय' असं कृपा करून मला कुणी ऐकवू नये.

आणि ही नुसती माझ्यासारख्या किरकिऱ्या माणसाची हौस नव्हे. आमच्या आत्याला कमी ऐकू येतं. अशी माणसं निम्मं कानांनी ऐकतात आणि निम्मं समोरच्याच्या ओठांवरून. तशी आपण सगळेच. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी दाखवून दिलं, की आवाज 'ब'चा आणि ओठ 'ग'चे असले तर पुष्कळांना चक्क 'द' ऐकू येतो. मग ओठ आणि आवाज यांची अशी फारकत झाल्यावर आत्याने काय ऐकावं? तिने दोन दिवस प्रयत्न केला, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे रे, माझेच कान गेलेत आता." मला राग आला तो इथे. माल यांचा, उशीर यांचा, आणि दोष पत्करणार अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई!

ते हेडफोन काढून मी लॅपटॉपला दीडशे रुपयांचा वायरीचा हेडफोन लावला. आवाज ओठांवर येऊन बसला. कुणालाही करता येईल अशी ही परीक्षा आहे: वायर लावून आवाज जुळला तर चोर बिनतारी. वायरीनेही जुळला नाही तर विंडोजमधली आवाज 'सुधारण्याची' कळ बंद करून पाहावी. ही सुधारणाही कधीकधी वेळ खाते. आणि अंतर सुरुवातीला कमी व पुढे वाढतच जात असेल तर बहुधा ती फाइलच बिघडलेली. बिनतारीचाच हट्ट असेल तर व्हीएलसीमध्ये 'जे' ही कळ दाबावी. दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. चार वेळा दाबलं की वडापावच्या गाडीवरून आपण परत खुर्चीत. मात्र इंटरनेटवर थेट पाहायच्या व्हिडिओला बहुतेक ठिकाणी अशी कळच नसते. तिथे चित्राला तेवढंच थांबवून धरायची युक्ती असते, पण त्यासाठी हेडफोनने आपला उशीर लॅपटॉपला खरा सांगावा लागतो!

आणि ज्या वायरीने हे भागतं तिचं भोक बुजवायची घाई चालली आहे. २०१६ साली एका बड्या कंपनीने आपल्या फोनमधलं ते भोक काढून टाकलं आणि त्याला 'धैर्य' म्हटलं. भोक बुजवण्यात धैर्य असेल, तर आमच्या नळाचा प्लंबर परमवीर आहे.

हेडफोनच्या खोक्यावर बॅटरी किती तास चालते ते असतं, वजन असतं, रंगाचं काव्यमय नाव असतं. उशीर किती, ते बहुधा नसतं. बरं, मोजता येत नाही म्हणावं तर खेळात गोळ्या झाडणाऱ्या पोरांसाठीच्या खोक्यांवर '६० मिलिसेकंद' वगैरे आकडे ठळक झळकतात. म्हणजे मोजता येतो, छापताही येतो. फक्त नाटक बघणाऱ्या आत्यासाठी छापायचा नसतो. पंख्यावर वॅट लिहिता, साडीवर मीटर लिहिता, बिस्किटाच्या पुड्यावर साखर लिहिता, तसे या खोक्यावरही मिलिसेकंद लिहा. पाहिजे तर अगदी बारीक अक्षरांत लिहा, भिंग आणायची जबाबदारी माझी.