ठिपके मोजून झाले, ऊतींचे काय?

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस) रुग्णाची फाइल उघडली की मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट बहुधा ठरलेल्या साच्यातला निघतो. दोन्ही बाजूंच्या श्वेतद्रव्यात, व्हेंट्रिकलच्या कडेने टी-२ आणि फ्लेअरवर अनेक उजळ ठिपके, डिमायलिनेशनची शक्यता, क्लिनिकल कोरिलेशन करावे. यातले एकही विधान चुकीचे नसते. मात्र औषध बदलायचे की तेच चालू ठेवायचे, हे ठरवताना न्यूरॉलॉजिस्टला त्याचा फारसा उपयोग होत नाही. मागच्या वेळेपेक्षा ठिपके वाढले का, आणि ठिपक्यांच्या आतबाहेर ऊतींचे काय झाले आहे, हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात. या अंकाचा विषय दुसरा प्रश्न आहे. पण पहिल्याला बगल देऊन दुसऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही, हे आमचे मत आधीच नोंदवतो.

ठिपके मोजण्याची सवय काही उगाच लागलेली नाही. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधील यंग आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या मेंदूची एमआर चित्रे ‘लॅन्सेट’मध्ये छापली, तेव्हा सीटीवर जेमतेम दिसणारा आजार जिवंत माणसात एकदम ठळक झाला. १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा-१बीला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यासाठीच्या चाचणीत रिलॅप्स कमी झाले होते, विकलांगतेत मात्र खात्रीलायक फरक नव्हता. ठिपक्यांची वाढ रोखली गेल्याचा एमआरआयचा पुरावा तिथे मोलाचा ठरला. तेव्हापासून औषधांच्या चाचण्यांत ठिपक्यांचे चलन पक्के झाले आणि रिपोर्टमध्येही तेच उतरले.

अडचण अशी की फ्लेअरवर सगळे ठिपके सारखेच पांढरे. सूज पांढरी, मायलिन गेलेला भाग पांढरा, अर्धवट भरून आलेला पांढरा आणि ॲक्सॉन तुटून व्रण उरलेला भागही पांढराच. १९९८ मध्ये ब्रूस ट्रॅप यांच्या गटाने मृत रुग्णांच्या मेंदूतील सक्रिय ठिपके तपासले, तेव्हा घन मिलिमीटरमागे सरासरी ११ हजारांहून अधिक तुटलेले ॲक्सॉन आढळले. निरोगी श्वेतद्रव्यात ही संख्या एकाहूनही कमी होती. एमएस हा निव्वळ मायलिनचा आजार आहे ही समजूत तिथेच मोडली. टी-१ वर दीर्घकाळ काळी राहणारी ‘ब्लॅक होल्स’ या नाशाची थोडीफार खूण देतात. मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर, डिफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपीने तर फ्लेअरवर निर्दोष दिसणाऱ्या श्वेतद्रव्यातही बिघाड दाखवून दिला. ठिपके पुष्कळ पण रुग्ण चालता-फिरता, किंवा ठिपके मोजके आणि रुग्ण काठीवर, या विसंगतीला फ्रेडरिक बारखॉफ यांनी ‘क्लिनिको-रेडिओलॉजिकल पॅराडॉक्स’ म्हटले. तिचे एक कारण ठिपक्यांबाहेरची ही हानी. दुसरे कारण मेंदूत शोधून सापडणारच नाही, कारण ते मणक्यात आहे. तरी आपल्याकडे मणक्याचा एमआरआय रुग्णाच्या खिशाचा विचार करून बरेचदा राहून जातो.

या सगळ्यांत रोजच्या कामाशी सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे एसडब्ल्यूआय (ससेप्टिबिलिटी वेटेड इमेजिंग). एमएसचा ठिपका छोट्या शिरेभोवती वाढतो. एडिनबरोच्या डॉसन यांनी १९१६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिले होते, व्हेंट्रिकलपासून काटकोनात निघणारी ‘डॉसन्स फिंगर्स’ त्यांच्याच नावाची. चांगल्या एसडब्ल्यूआयवर तीच शीर पांढऱ्या ठिपक्याच्या मधोमध काळ्या रेघेसारखी दिसते. मायग्रेन, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांतील ठिपक्यांत ती क्वचित असते. दुसरी खूण ठिपक्याच्या कडेची. काही जुन्या ठिपक्यांभोवती लोह साठवलेल्या मायक्रोग्लियाचे कडे असते. राखेखालच्या निखाऱ्यासारखी तिथली जळजळ वर्षानुवर्षे चालू राहते. कॉन्ट्रास्ट देऊन ती उजळत नाही, आणि रिलॅप्स नसतानाही ऊती झिजत जातात. अमेरिकेतील एनआयएचच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले की असे चार किंवा अधिक ठिपके असणाऱ्यांना विकलांगता लवकर येते. मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या आवृत्तीत या दोन्ही खुणांना स्थान मिळाले आहे. डोळ्याची नस हीदेखील आता आजाराची पाचवी जागा मानली जाते.

हे कडे दिसते ते मुख्यतः फेज प्रतिमेवर. आपल्या बहुतेक सेंटरमध्ये एसडब्ल्यूआय होतो तो रक्तस्राव शोधायला, जाड स्लाइसचा. सीडीवर मॅग्निट्यूड आणि मिनिमम इंटेन्सिटीच्या प्रतिमा चढतात, फेज कन्सोलवरच राहते आणि काही दिवसांत पुसली जाते. म्हणजे माहिती मशीनने गोळा केलेली असते, आपणच ती फेकून देतो. टेक्निशियनला एकदा सांगून ठेवले तर हा तोटा टळतो, त्याला ३ टेस्लाची वाट पाहावी लागत नाही.

मेंदूच्या आकसण्याविषयी मात्र आम्ही उत्साहाला आवर घालायला सांगू. निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो, उपचार न घेणाऱ्या एमएस रुग्णाचा अर्ध्या ते सव्वा टक्क्यापर्यंत. ऑक्सफर्डच्या सिएनासारख्या पद्धतीची मोजमापातली चूकच ०.२ टक्क्यांच्या आसपास. त्यात पाणी कमी प्यायलेला रुग्ण, सकाळऐवजी संध्याकाळी केलेला स्कॅन, बदललेले मशीन. शिवाय प्रभावी औषध सुरू केल्यावर सूज उतरते आणि पहिल्या काही महिन्यांत मेंदू लहान झाल्यासारखा दिसतो. ती हानी नव्हे, उलट औषध लागू पडल्याची खूण असू शकते. हे आकडे शेकडो रुग्णांच्या सरासरीत अर्थपूर्ण ठरतात. एका रुग्णाच्या रिपोर्टवर सॉफ्टवेअरने छापलेले ‘वार्षिक घट ०.६ टक्के’ वाचून त्याची झोप उडते, निर्णयाला आधार मात्र मिळत नाही.

सरासरीसुद्धा चकवते. ब्रिटनमधील एमएस-स्टॅट चाचणीत १४० रुग्णांपैकी ८० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मेंदूचे आकसणे सुमारे ४३ टक्क्यांनी मंदावले. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा स्वस्त, जुन्या औषधाने सेकंडरी प्रोग्रेसिव्ह एमएस आवरता येईल, अशी आशा निर्माण झाली. मग ९६४ रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. विकलांगता थांबली नाही. आकारमान वाचले तर कार्य वाचेल, हे गृहीतक इतके सरळ नाही. इमेजिंगवर प्रेम करणाऱ्यांनी हे उदाहरण टेबलाच्या काचेखाली ठेवावे.

राहिला पहिला प्रश्न, तुलनेचा. आपला रुग्ण दर वेळी स्वस्तातले सेंटर शोधतो, त्याला दोष देता येत नाही. पण एक स्कॅन पाच मिलिमीटरच्या स्लाइसचा आणि दुसरा थ्रीडी फ्लेअरचा असेल, तर नवा दिसणारा ठिपका आधीही तिथेच असू शकतो. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने थ्रीडी फ्लेअरला प्राधान्य दिले, औषध सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी नवा बेसलाइन स्कॅन घ्यायला सांगितले आणि फॉलोअपला दर वेळी गॅडोलिनियम देण्याची गरज काढून टाकली. कॉन्ट्रास्टचा वाचलेला खर्च मणक्याच्या तपासणीला वळवला तर रुग्णाचा फायदाच आहे. तसेच एमएस म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वी न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एमओजी प्रतिपिंडांचा आजार आणि आपल्याकडचा क्षयरोग नजरेआड करू नये. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकात एमएसच्या काही औषधांनी आजार बळावू शकतो.

सेंटरचालकांना आमची विनंती एवढीच: एमएसच्या रुग्णाला फिल्मऐवजी पूर्ण डायकॉम डेटा द्या, फेज प्रतिमांसह, आणि रिपोर्टच्या वरच्या ओळीत मशीनची टेस्ला, स्लाइसची जाडी आणि कोणत्या तारखेच्या स्कॅनशी तुलना केली ते लिहा. रेडिओलॉजिस्ट मित्रांनो, जुना रुग्ण पुन्हा आला तर आधीचा अभ्यास समोर उघडल्याशिवाय रिपोर्टवर सही करू नका.