शब्दसंग्रह आणि शब्दपरिचय

परीक्षा जवळ आली की आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती एक वही दिसू लागते. तिच्यात डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस त्याचा एकेक अर्थ आणि शेवटच्या पानांवर समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या असतात. पहाटे उठून या याद्या घोकल्या जातात आणि परीक्षा संपताच त्यांतील बहुतेक शब्द विस्मरणात जातात. मुलांच्या श्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्या श्रमांची दिशा बदलावयास हवी, असे आमचे मत आहे. शब्दांचा संग्रह करण्यापूर्वी त्यांच्याशी परिचय व्हावा, आणि मराठी मुलास तो मराठीतूनच उत्तम होतो, हेच येथे मांडावयाचे आहे.

सावरगावास हा प्रश्न विशेष लागू पडतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये सौंसर व पांढुर्णा या तहसिलींचा निराळा पांढुर्णा जिल्हा झाला; परंतु भाषेची स्थिती पूर्वीचीच आहे. घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि उच्च शिक्षणाच्या दाराशी इंग्रजी! अशा स्थितीत मुलांच्या हाती येणारा इंग्रजी कोश बहुधा हिंदी अर्थ देणारा असतो. त्यात 'एज्युकेशन' या शब्दापुढे 'शिक्षा' असे असते. 'एम्प्टी'पुढे 'खाली', 'ऑब्जेक्शन'पुढे 'आपत्ति' आणि 'वर्ल्ड'पुढे 'संसार'. मराठी मुलाने हे अर्थ जसेच्या तसे घेतले, तर शिक्षण म्हणजे दंड, रिकामे भांडे म्हणजे खालचे भांडे, हरकत म्हणजे संकट आणि जग म्हणजे घरप्रपंच, अशी विचित्र समीकरणे तयार होतील. यात हिंदीचा काही दोष नाही. तिच्या घरात हे शब्द योग्यच आहेत. एका शब्दापुढे दुसरा शब्द ठेवून तेथेच थांबण्याच्या सवयीचा हा दोष आहे.

या सवयीवर पहिला उपाय म्हणजे व्याख्या. वस्तू कोणत्या जातीची आहे आणि त्या जातीतील इतरांहून ती कशी वेगळी आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे दिली की व्याख्या होते. 'ऑरेंज' म्हणजे संत्रे, हे आमच्या भागातील लहान मूलही सांगेल. परंतु व्याख्या करावयास बसले की विचार सुरू होतो. संत्र्याची साल सैल असते व हाताने सहज सुटते; मोसंब्याची साल गरास घट्ट चिकटलेली असते. इंग्रजीत 'ऑरेंज' हा शब्द या दोन्ही फळांस चालतो. नेमके बोलावयाचे झाल्यास आमच्या बागांतील सैल सालीच्या फळास 'मँडरिन' म्हणतात आणि मोसंबे 'स्वीट ऑरेंज'मध्ये मोडते. तीच गोष्ट 'राइस'ची. शेतात उभे धान, पोत्यातील तांदूळ आणि ताटातील भात, या तिन्ही ठिकाणी इंग्रज माणूस 'राइस' म्हणू शकतो. ज्यास हा भेद मराठीत सांगता येतो, त्यास इंग्रजी शब्दाची व्याप्ती आपोआप कळते. ज्यास मराठीतच सांगता येत नाही, त्यास ती इंग्रजीत कशी सांगता यावी?

दुसरी गोष्ट समानार्थी शब्दांची. हे नावच थोडे फसवे आहे. 'जवळच्या अर्थाचे शब्द' असे म्हणणे अधिक युक्त होईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर सावरगाव व पांढुर्णा यांच्यामध्ये होणारी गोटमार सर्वांस ठाऊक आहे. समजा, तिच्यावर इंग्रजी निबंध लिहावयाचा आहे. 'थ्रो' म्हणजे नुसते फेकणे. 'टॉस' म्हणजे अलगद उडविणे. 'हर्ल' म्हणजे जोराने भिरकाविणे आणि 'पेल्ट' म्हणजे एखाद्यावर दगडांचा मारा करीत राहणे. यादीत हे चारही शब्द शेजारी बसतात. परंतु निबंधात 'टॉस' लिहिले, तर वाचणाऱ्यास ती मौजेची चेंडूफेक वाटेल आणि रक्तबंबाळ डोकी त्यास दिसणार नाहीत. शब्द चुकला की सत्यच बदलते. तसेच 'स्लिम' आणि 'स्किनी'. दोहोंचा अर्थ बारीक. पण एकात सडपातळपणाची प्रशंसा आहे, तर दुसऱ्यात 'काटकुळा' म्हटल्याचा बोचरेपणा आहे.

विरुद्धार्थी शब्दांत तर अधिकच सावध राहावे लागते. 'ओल्ड'च्या उलट काय? पुस्तकाविषयी बोलत असू तर 'न्यू', माणसाविषयी बोलत असू तर 'यंग'. 'लाइट'च्या उलट वजनात 'हेवी' आणि रंगात 'डार्क'. मराठीतही कागद पातळ असेल तर उलट शब्द जाड आणि वरण पातळ असेल तर घट्ट, हे आपणांस कोणी शिकवावे लागले नाही. केवळ उपसर्गावर विसंबणाऱ्याची फजिती ठरलेली आहे. 'पॉसिबल' व 'इम्पॉसिबल' ही जोडी शक्य–अशक्य यांसारखीच आहे. पण 'व्हॅल्युएबल'च्या उलट 'इन्व्हॅल्युएबल' नव्हे. आपल्या 'मूल्यवान' व 'अमूल्य' या शब्दांकडे पाहावे, म्हणजे हे कोडे तत्काळ सुटते. दुसरा शब्द पहिल्याच्या पुढेच जातो. ज्याचे मोल करता येत नाही ते अमूल्य.

यावर कोणी म्हणेल, "परीक्षेत जोड्याच विचारतात, एवढा विचार करण्यास वेळ कोठे आहे?" पाठांतराचे आम्ही वैरी नाही. एकेका अर्थाचे शब्द श्लोकबद्ध करणारा अमरकोश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होत आला. पण स्मरणात ठेवलेल्या शब्दाचा योग्य उपयोग करण्यास अर्थच्छटा कळाव्या लागतात. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश 1831 मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या भाषेच्या त्या अभ्यासकाने मराठी शब्दापुढे एक इंग्रजी शब्द लिहून काम आटोपले नाही. अर्थाच्या छटा, वापर व वाक्प्रचारही नोंदविले. म्हणूनच तो कोश आजही अभ्यासक उघडतात. 1852 मध्ये इंग्लंडात रॉजे यांनी जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र आणणारा ग्रंथ सिद्ध केला; त्याचाही खरा लाभ, शब्दांतील भेद ओळखून निवड करणाऱ्यासच होतो.

तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, वहीची मांडणी थोडी बदला. प्रत्येक शब्दापुढे चार गोष्टी लिहा : आपल्या मराठीत केलेली व्याख्या, जवळचा एक शब्द व दोहोंतील भेद, कोणत्या अर्थी कोणता शब्द विरुद्ध, याची नोंद, आणि शेत, नदी, बाजार किंवा घर यांविषयीचे स्वतःचे एक वाक्य. दररोज पाचच शब्द घ्या. शाळेचे 200 दिवस धरले, तरी वर्षाकाठी 1,000 शब्द आपले होतील.

पालकांसही एक विनंती आहे. "आम्हांस इंग्रजी येत नाही, आम्ही मुलांस काय शिकविणार?" असे म्हणून अनेक आईबाप निराश होतात आणि घरातील मराठी हाच मुलाच्या प्रगतीतील अडथळा आहे, असे समजू लागतात. त्यांनी सायंकाळी मुलाची वही समोर ठेवून एवढेच विचारावे, "बाळ, या शब्दाचा अर्थ मला समजेल असा सांग." आईस समजेल असा अर्थ मुलास सांगता आला, तर तो शब्द त्यास आला असे खुशाल मानावे. ही परीक्षा घेण्यास इंग्रजीचे एक अक्षरही येण्याची गरज नाही.