सरळ रेषेचा मोह

विज्ञान हा पाठांतराचा विषय नव्हे, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. वाण आहे ती हे वचन प्रयोगशाळेत खरे करून दाखविणाऱ्यांची. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात धाराविद्युत व ओहमचा नियम शिकविला जातो. दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकासाठी राखलेले असतात. तरीही अनेक शाळांत हा प्रयोग मेजाभोवती उभे राहून पाहण्यापुरताच उरतो, आणि प्रयोगवहीत मात्र प्रत्येकाच्या आलेखावर निर्दोष सरळ रेषा अवतरते.

संशय घ्यावयाचा तो या रेषेचाच. घट उतरतो, जोडणी सैल राहते, तार तापली की तिचा रोध बदलतो. खरी वाचने थोडीफार इकडेतिकडे जाणारच. परंतु उत्तर आधीच ठाऊक असल्याने विद्यार्थी वाचने त्याला जुळवून लिहितो. सत्यशोधनाच्या तासाला मिळणारा हा असत्याचा धडा होय.

ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो तो गेऑर्ग ओहम कोलोन येथील एका शाळेतील शिक्षकच होता. अस्थिर घटांवर विसंबून १८२५ साली त्याने मांडलेले सूत्र चुकले. त्याने आकडे सजविले नाहीत, साधन बदलले. तांबे व बिस्मथ यांच्या सांध्यांची एक बाजू उकळत्या पाण्यात व दुसरी बर्फात ठेवून त्याने स्थिर विद्युतस्रोत मिळविला आणि १८२६ मध्ये खरा संबंध गवसला. न जुळणारे वाचन ही लपविण्याची नव्हे, विचारात घेण्याची वस्तू आहे, हाच त्या प्रयोगाचा गाभा.

नाशिकला तर या ज्ञानाची निकड विशेष आहे. एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र, सातपूर-अंबडला विद्युत उपकरणांचे कारखाने आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत विजेचे पंप! विहिरीपर्यंत ओढलेल्या लांब, बारीक तारेचा रोध २ ओहम असेल व तीतून १० अँपिअर धारा वाहत असेल, तर २० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मोटार जळाल्यावर शेतकरी दैवाला बोल लावतो. त्याच्या मुलाच्या वहीत मात्र याच गणिताला पैकीच्या पैकी गुण मिळालेले असतात.

सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. भरलेले वर्ग आणि तोकड्या तासिका यांत त्यांच्या हाती फारसे उरत नाही. परंतु घट, नायक्रोमची तार, अमीटर आणि व्होल्टमीटर ही काही राजेशाही सामग्री नव्हे. लहान गटांना स्वतंत्र मंडल जोडू द्यावे; प्रत्येक गटाला निराळ्या लांबीची तार द्यावी, म्हणजे शेजारच्या वहीतून उत्तर उचलता येणार नाही; आणि परीक्षकांनी बिनचूक उत्तरापेक्षा प्रामाणिक वाचनाला व चुकीच्या कारणमीमांसेला अधिक गुण द्यावेत. एवढे झाले तर आलेखावरील बिंदू थोडे विखुरतील खरे, पण त्यांमागची बुद्धी सरळ होईल.