मागल्या तारखेची शाळा

ठाकुर्लीत आमच्या चाळीत एक काका आहेत. माजी सैनिक. ड्युटीवर गाडी दरीत गेली, पाय गेला, लष्करानं घरी पाठवलं. कचेरी म्हणाली, अपंगत्व नोकरीमुळं आलेलं नाही. म्हणजे काय, तुटका पाय घेऊनच भरती झाले होते? बारा वर्षं अर्ज, मग कोर्ट. कोर्टानं काकांचं म्हणणं मान्य केलं, थकबाकी आली. तोवर पोरगा नववीत शाळा सोडून माझ्याबरोबर गोदीत माल उचलायला लागला होता.

दोस्तांनो, पेन्शन मागल्या तारखेपासून देता येते, तर शाळा का नाही?

पेन्शनचं तरी काय! 1983 साली अपंग म्हणून काढलेला एक जवान 1999 ला हायकोर्टात गेला. 2008 साली सुप्रीम कोर्टानं थकबाकी दिली ती अर्जाआधीच्या तीन वर्षांची. सोळा वर्षांतली तेराएक वर्षं खलास. उशीर झाला ना तुला, मग भोग.

1971 च्या युद्धानंतर सरकारनं योजना काढली. लढाईत मेलेल्या, बेपत्ता, कायमच्या अपंग झालेल्या जवानांच्या पोरांची फी सरकार भरणार. चांगली गोष्ट. पण 2017 ला त्यावरही महिना 10,000 ची टाच आली. बोंब झाली तेव्हा 2018 च्या मार्चात ती उठली. आणि आमचे काका तर कागदावर अपंगच नव्हते, मग पोराचं नाव कुठल्या यादीत येणार?

आपल्याला हा हिशेब नवा नाही. लष्करातल्या शिक्षणानंच आपल्या कितीतरी घरांत पहिली अक्षरं आली. रामजी सुभेदार महूला लष्करी शाळेत हेडमास्तर होते. 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली, तेव्हा नुसती बंदूक नाही, पाटीपण हिसकावली. इंग्रजाला आरत्या ओवाळायच्या नाहीत, पण 1917 साली अपंग जवानांसाठी धंदेशिक्षणाची क्वीन मेरी संस्था निघाली, ती आज खडकीत आहे. जवान स्वतःसुद्धा शिकू शकतो, हे तेव्हाही कळत होतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अपंगत्व ज्या तारखेपासून मान्य, त्याच तारखेपासून शिक्षणाचा हक्क मान्य. जवानाचा आणि पोरांचाही. गेलेली वर्षं पुढं मोजून द्या, वयाची अट काढा. तिशीतल्या माणसाला रात्रशाळेची, आयटीआयची फी द्या, आणि शिकताना बुडणारी रोजीपण द्या. नुसती फी देऊन कोण शिकणार? पाळी चुकली की चूल बंद.

परवा काकांच्या पोरानं सतरा नंबरचा फॉर्म भरला. फी खिशातनं. लोकलला लटकता लटकता बीजगणित मला विचारतो. आणि मी गणितात काठावर पास झालेला.