पोरं टिकत नाहीत? मारिओची पहिली स्टेज आठवा



या आठवड्याच्या व्हिडिओत ‘नवीन माणूस टिकवायचा कसा’ हा विषय घेतला होता. बोलता बोलता मारिओचा विषय निघाला आणि वेळ संपला. म्हणून तो मुद्दा इथे नीट मांडतो. धंद्याचं वाचायला आलो आणि हा व्हिडिओ गेम काय सांगत बसलाय, असं वाटेल. पण थोडं थांबा, हिशोब धंद्याचाच आहे.

तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात किंवा २००० सालाच्या आसपास शाळेत होते, त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्या देवळाली प्रवरात काय, राहुरी फॅक्टरीवर काय, एखाद्याच्या घरी टीव्ही गेम आला की ते घर सगळ्या गल्लीचं व्हायचं. दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी. टीव्हीच्या मागे वायर खुपसायची, चॅनेल जुळवायचं, चित्र नाही आलं तर कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची आणि परत बसवायची. ‘आता माझा चान्स’ म्हणून भांडणं. अ‍ॅडॉप्टर तापला की घरातलं मोठं माणूस येऊन बटण बंद करणार. आणि एखादा गडी सातव्या-आठव्या जगापर्यंत पोहोचला की नेमकी लाइट जाणार! तिथपर्यंतचा खेळ जपून ठेवायची सोय त्या कॅसेटमध्ये नव्हतीच. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून.

हा गेम मुळात जपानचा. निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात सुरू झाली, ती हाताने बनवलेले खेळायचे पत्ते विकण्यासाठी. म्हणजे सुरुवात आपल्यासारख्याच छोट्या धंद्याची. त्याच कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये बाजारात आला. बनवणाऱ्यांत मुख्य नाव शिगेरू मियामोतो यांचं. आपल्या बहुतेकांच्या घरी पोहोचलं ते मात्र नकली यंत्र. डब्यावर नाव ‘मीडिया’ किंवा ‘लिटल मास्टर’ असं काहीतरी, आणि कॅसेटवर छापलेलं ‘९९९९ इन १’. उघडून बघावं तर तेच पाच-सात गेम फिरून फिरून!

आता मुद्द्याची गोष्ट. त्या डब्यात मराठीत एक ओळ सूचना नव्हती. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं आपल्याला धड वाचता येत नव्हती. शिकवायला सर नाहीत, क्लास नाही. तरी दुसरी-तिसरीतलं पोरगं पहिल्या दहा मिनिटांत खेळायला शिकायचं. कसं?

व्यासपीठावरून बोलणारे बरेच जण मारिओचा दाखला देतात. ‘मारिओ पडतो, मरतो, पण पुन्हा उठतो. तुम्हीही हार मानू नका!’ टाळ्या पडतात. मला हे पटत नाही. कारण तीच पोरं गणिताच्या पुस्तकासमोर बसली की दुसऱ्या गणिताला उठून पळायची. पोरगं तेच, दिवस तोच, घर तेच. मग चिकाटी गणिताला कुठे गेली? माझं मत स्पष्ट आहे. ती चिकाटी पोराच्या अंगातली नव्हती, ती गेम बनवणाऱ्याने त्याच्याकडून कमावली होती. आणि आपण मालक म्हणून नेमकं इथेच चुकतो. नवीन पोराने चिकाटी घरून घेऊन यावं, अशी आपली अपेक्षा असते.

ती पहिली स्टेज डोळ्यांसमोर आणा.

मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळी जागा मोकळी. म्हणजे कुठे जायचं ते न सांगता कळलं. थोडं पुढे गेलं की प्रश्नचिन्हाचा चमकणारा ठोकळा. चमकतोय म्हणजे काहीतरी आहे, हे कुणालाही कळतं. समोरून तो तपकिरी, भुवया चढवलेला गडी चालत येतो. एकटाच आणि सावकाश. त्याला धडकलात तर मेलात, पण अजून स्टेजच्या तोंडाशीच आहात, गेलं काय? काही सेकंदांत परत तिथेच. आता उडी मारता, ती चुकून त्याच्या डोक्यावर पडते, तो चपटा होतो. दोन धडे झाले. मग ठोकळ्यातून मशरूम निघतो. तो आधी उजवीकडे पळतो, खाली पडतो, समोरच्या पाइपला धडकतो आणि उलट फिरून तुमच्याकडेच येतो. तो खाऊन मारिओ मोठा होतो. तिसरा धडा.

पुढे पाइप येतात. पहिला बुटका, दुसरा त्याहून उंच, नंतरचे आणखी उंच. स्टेजच्या शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत, आठवतात? पहिल्या जोडीत दोन जिन्यांच्या मध्ये पक्की जमीन आहे. उडी चुकली तर खाली पडाल, उडी मारून बाहेर याल आणि परत प्रयत्न कराल. दुसऱ्या जोडीत तशीच उडी आहे, पण मध्ये खड्डा आहे. चुकलात तर मेलात. म्हणजे ज्या उडीला जीव जाणार, तिचा सराव आधी जमिनीवर करून घेतलाय!

आणखी एक. वेळेचा आकडा ४०० पासून खाली येतो. १०० च्या खाली गेला की संगीत एकदम जलद होतं. धोका येण्याआधी कान सावध होतात. मालकाचा राग मात्र कसलीही सूचना न देता येतो, नाही का?

हे सगळं किती जागेत बसवलं होतं माहितीये? पूर्ण गेम ४० किलोबाइटचा. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याच्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांना एकच चित्र वापरलं, फक्त रंग बदलला. तेव्हा ‘माझं दुकान लहान आहे, ट्रेनिंग-बिनिंग मोठ्या कंपन्यांना परवडतं’ असं म्हणू नका. इथे भांडवल नाही, विचार लागतो.

चला आता दुकानात. समजा, राहुरी फॅक्टरीला नगर-मनमाड रस्त्यावर तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. सोमवारी एक बारावी झालेला पोरगा कामाला लागला. दहा वाजता गर्दी झाली. पहिलंच गिऱ्हाईक त्याला विचारतं, “कांद्यावर करपा आलाय, काय मारू?” पोरगा तुमच्याकडे बघतो, तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेले. तो अंदाजाने एक बाटली काढून देतो. तुमचं लक्ष जातं आणि तुम्ही चार लोकांत ओरडता, “अरे, ते तणनाशक आहे! डोकं ठिकाणावर आहे का?” आठव्या दिवशी पोरगा येत नाही. फोन केला तर उचलत नाही. आणि तुम्ही शेजाऱ्याला सांगता, “हल्लीच्या पोरांना कामच नको.”

विचार करा. तुम्ही त्याला पहिल्या मिनिटाला आठव्या जगात सोडलं. खड्डा होता, पण सरावाची जमीन नव्हती.

हेच दुसऱ्या पद्धतीने करता येतं. पहिला दिवस फक्त मांडणीचा. कीटकनाशक, बुरशीनाशक आणि तणनाशक वेगवेगळ्या कप्प्यांत, प्रत्येक कप्प्याला वेगळ्या रंगाची पट्टी. तणनाशक काउंटरपासून लांब, एकदम वेगळ्या कोपऱ्यात, म्हणजे चुकून हातच जाऊ नये. आलेला माल त्यानेच लावायचा. लावता लावता नावं पाठ होतात, पाठांतर वेगळं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना जुनी दहा बिलं त्याच्या हातात द्या आणि म्हणा, “यातला माल काढून काउंटरवर ठेव.” चुकला तर कुणाचं पीक जळणार नाही, कुणी हसणार नाही. ही झाली जमिनीवरची उडी. मग दोन-चार दिवस खऱ्या गिऱ्हाइकाचा माल त्याने काढायचा, पण हातात देण्याआधी तुम्ही बघायचं. आणि औषधाचा सल्ला? तो तुम्हीच द्यायचा. पोराला एक वाक्य पक्कं शिकवा, “थांबा, शेठला विचारतो.” हे वाक्य बोलल्याबद्दल त्याला कधी शिवी पडणार नाही, ही तुमची हमी.

हॉटेल असेल तर नवीन पोराला बाजारच्या दिवशी सुरू करू नका. गॅरेज असेल तर पहिला नट गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीचा नको, कोपऱ्यात पडलेल्या भंगार इंजिनाचा खोलू द्या. तत्त्व तेच आहे. चूक स्वस्त असेल अशा जागी करू द्या, का चुकलं ते लगेच दिसू द्या आणि परत प्रयत्न करायला लगेच मिळू द्या.

यावर अनुभवी मालकांचं एक उत्तर ठरलेलं असतं, “आम्हाला कुणी शिकवलं होतं? आम्ही शिव्या खाऊनच शिकलो.” खरं आहे. पण शिव्या खाऊन जे टिकले, तेच आज ही गोष्ट सांगायला दुकानात बसलेत. जे निघून गेले, त्यांना कुणी विचारलं? शिवाय तुम्ही टिकलात, कारण दुकान वडिलांचं होतं किंवा दुसरा रस्ता नव्हता. आजच्या पोराला रस्ता आहे. सुपा आहे, रांजणगाव आहे, चाकण आहे, पुण्यात डिलिव्हरीचं काम आहे. गावात राहून काम करायची इच्छा असलेला पोरगा आपल्या पहिल्या आठवड्यामुळे बाहेर गेला, तर नुकसान एका दुकानाचं राहत नाही. दर वर्षी तेच होत गेलं की बाजारपेठेत म्हातारे मालक आणि बंद शटर उरतात.

दुसरी शंका, “इतकं सोपं केलं तर पोरं आळशी होतील.” मारिओचं आठवं जग आठवा. हातोडे फेकणारे ते दोघं भाऊ! सोपं होतं का? घाम फोडायचे. तरी आपण तिथपर्यंत गेलो, कारण मधल्या प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीची तयारी करून घेतली होती. अवघड काम काढून टाका, असं मी म्हणत नाही. अवघड कामाचा नंबर कितवा, ते तुम्ही ठरवा.

मियामोतो यांनी एका मुलाखतीत सांगितलंय की पुढच्या स्टेज आधी आकाराला आल्या आणि खेळात काय काय लागतं ते कळल्यावर पहिली स्टेज बनवली गेली. आपण उलटं करतो. माणूस दारात उभा राहिला की पहिल्या दिवसाचा विचार सुरू.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. एक कोरा कागद घ्या. तुमच्याकडचा सगळ्यात तयार माणूस दिवसभरात काय काय करतो, ते लिहून काढा. त्यातल्या कोणत्या चुकीला पैसा जातो आणि कोणत्या चुकीला फक्त वेळ, यावर खुणा करा. फक्त वेळ जाणारी कामं पहिल्या आठवड्यात, पैसा जाणारी नंतर. प्रत्येक महाग कामासाठी सरावाची एक स्वस्त जागा शोधा. कागद काउंटरच्या आत चिकटवा आणि पुढचा पोरगा लागेल तेव्हा त्याच क्रमाने चाला.

तो आठव्या दिवशी आला का, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!