दोन वर्षे शागिर्दीची

भिवंडीच्या बाजारात हल्ली एक नवा प्रश्न ऐकू येतो. पूर्वी बाप विचारायचा, "पोराला कुठे बसवू, मागावर की दुकानात?" आता विचारतो, "पोरगा सी.ए. इंटर झाला, त्याला कोणाच्या ऑफिसात लावू?" प्रश्न बदलला याचा आम्हाला आनंद आहे. ज्या मोहल्ल्यात मॅट्रिक झालेला मुलगा म्हणजे मोठी गोष्ट समजली जाई, तिथली मुले-मुली आज हिशेबतपासणीच्या व्यवसायात शिरत आहेत. पण हा प्रश्न अर्धाच आहे. कुठे लावू, हे सगळे विचारतात. लावल्यावर मुलाने तिथे कसे वागावे आणि घरच्यांनी काय करावे, हे कोणी विचारत नाही. त्या उरलेल्या अर्ध्या प्रश्नाबद्दल आज लिहीत आहोत.

सी.ए.ची शिक्षणपद्धती २०२३ साली बदलली. मुरलेल्या सी.ए.च्या हाताखाली करायची उमेदवारी, जिला आर्टिकलशिप म्हणतात, ती पूर्वी तीन वर्षांची होती. ती आता दोन वर्षांची झाली आहे आणि इंटरचे दोन्ही ग्रुप पास झाल्यावरच सुरू होते. रजाही पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाल्या. मुदत घटली, पण शिकायचे काही घटलेले नाही. जी.एस.टी., प्राप्तिकर, ऑडिट, बँकेचे कागद, सगळे आहेच. म्हणून पहिले सहा महिने 'बघू या' म्हणत घालवणे आता परवडणारे नाही.

आम्ही स्वतः सी.ए. नाही. उर्दू माध्यमातून शिकलो आणि वडिलांच्या गादीवर बसलो. पण आमची खाती तपासायला वर्षानुवर्षे जी पोरे येत गेली, ती आम्ही समोरच्या बाजूने पाहिली आहेत. कोण पुढे गेला आणि कोण तिथेच राहिला, हे डोळ्यांसमोर आहे. हुशारीचा फरक त्यात थोडा होता. वागण्याचा फार होता.

खरे म्हणजे आपल्या लोकांना उमेदवारी नवी नाही. मागावर आलेला पोरगा पहिल्या दिवशी माग चालवत नाही. तो कांड्या भरतो, झाडू मारतो, तुटलेला धागा जोडायला शिकतो. उस्ताद ओरडला तर ऐकून घेतो. सी.ए.च्या ऑफिसातही पहिले काही महिने व्हाउचर लावणे, बँकेचे स्टेटमेंट जुळवणे, झेरॉक्स काढणे यातच जातात. मुलाला वाटते, एवढी कठीण परीक्षा पास होऊन हेच करायचे का? त्याला आमचे सांगणे, बेटा, व्हाउचर हीच तुझी कांडी. बँकेचे खाते जुळवताना डोळे उघडे ठेवलेस तर कोणती पार्टी वेळेवर पैसे देते, कोणाचे चेक परत येतात, मालकाचा घरखर्च धंद्यात कुठे मिसळला आहे, हे सगळे तुला दिसेल. कोणत्याही क्लासात हे शिकवत नाहीत.

काम सांगितले की ते वहीत लिहून घ्यावे. काय करायचे, कधीपर्यंत द्यायचे आणि कशासाठी हवे आहे, या तीन गोष्टी साहेबांच्या टेबलावरून उठण्याआधी एकदा बोलून पक्क्या कराव्यात. आमची उर्दू माध्यमाची मुले इथे हमखास अडतात. इंग्रजीतले सांगणे अर्धे कळते, पण हसतील म्हणून ती विचारत नाहीत, मान डोलावतात आणि दोन दिवस चुकीच्या कामात घालवतात. विचारणाऱ्याला लोक एकदा हसतील. न विचारणाऱ्याचे काम मात्र रोज परत येईल. तेव्हा आधी स्वतः प्रयत्न करावा, अडलेले प्रश्न लिहून ठेवावेत आणि साहेबांना सवड असेल तेव्हा एकदम विचारावेत. नवा इंग्रजी शब्द कानावर आला की त्याच वहीच्या मागच्या पानावर टिपावा. वर्षभरात भाषेची भीती बरीचशी निघून जाते.

जे पाहिले नाही त्यावर टिक मारू नये. गोदामात माल मोजायला पाठवले असेल, तर मालकाने दिलेली यादी उतरवून चहा पिऊन परत येऊ नये. ताके मोजावेत. २०१९ पासून सी.ए.ने दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर अठरा आकड्यांचा यू.डी.आय.एन. क्रमांक असतो आणि बँक तो क्रमांक टाकून दाखला खरा की खोटा हे पाहू शकते. सही साहेबांची असते, पण ती तुमच्या टिकेवर उभी असते.

चूक झाली तर त्याच दिवशी सांगावी. आमच्या पेढीवर आलेल्या एका मुलाने शिल्लक मालाच्या यादीत ताक्यांचा आकडा मीटरच्या रकान्यात टाकला. लाखोंचा माल हजारांत आला. संध्याकाळी घरी जाताना त्याच्या लक्षात आले. तो तसाच मागे फिरला आणि साहेबांना सांगून मोकळा झाला. बोलणी खाल्ली. पण पुढच्या महिन्यात साहेबांनी त्यालाच मोठ्या कारखान्याच्या कामावर घेतले. आपल्यातल्या कोणाला यात नवल वाटू नये. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून लगेच जोडावा लागतो. तसाच चालू ठेवला तर खोट पुऱ्या ताक्यात जाते आणि मग कापड घेणारा सगळा ताका परत करतो.

आणखी एक गोष्ट. आमची मुले ऑफिसात आपण विणकराचे, दुकानदाराचे पोर आहोत हे लपवतात. हे अगदी उलट आहे. प्राप्तिकर कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि २०२४-२५ या आकारणी वर्षापासून ती लागू झाली. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याच्या बिलाला हा नियम लागत नाही. स्वतः माल बनवणाऱ्याच्या बिलाला लागतो. आता खातेवहीत नुसते नाव वाचून हा माग चालवणारा की नुसता विकणारा, हे शहरातल्या मुलाला कसे कळावे? आपल्या मुलाला शंका तरी येते. तो म्हणू शकतो, "सर, या पार्टीचे उद्यम प्रमाणपत्र मागवून बघू या." वाढत्या उधारीवर चालणाऱ्या आपल्या बाजारात या एका वाक्याने पार्टीचा मोठा कर वाचू शकतो. मागाच्या खडखडाटात वाढल्याची लाज कसली? ते भांडवल आहे.

आता आमच्या स्वतःच्या चुकीबद्दल. दोन वर्षांपूर्वी आमच्याच मोहल्ल्यातला एक मुलगा आमच्या ऑडिटला आला. वडील मागावर जॉबर. आमच्यापासून चार गाळे सोडून बसणाऱ्या व्यापाऱ्याची खातीही त्याच ऑफिसात होती. आम्ही चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली आणि हळूच विचारले, "बेटा, त्यांना सूत काय भावाने पडते रे?" मुलगा खाली बघत राहिला. मग म्हणाला, "चाचा, तुमचा भाव त्यांनी विचारला तर सांगू का?"

आम्हाला राग आला, हे कबूल करतो. कालचे पोर, त्याचा बाप आमच्या ओळखीचा, आणि आम्हालाच शिकवतो! रात्री मात्र झोप लागेना. त्याने भाव सांगितला असता तर आम्ही खूश झालो असतो, आणि दुसऱ्याच दिवसापासून आपली फाइल त्याच्यापासून कशी लपवावी याचा विचार करू लागलो असतो. पार्टीच्या परवानगीवाचून तिची माहिती बाहेर सांगणे हे सी.ए.च्या कायद्यानेही गैरवर्तन ठरते, आणि जाब साहेबांना द्यावा लागतो. पण त्या मुलाने कायदा सांगितला नाही. दुसऱ्याची वही ही अमानत आहे, एवढेच त्याने ओळखले होते. पुढे आमच्या मेहुण्यांना भागीदारीचे कागद करायचे होते, तेव्हा आम्ही त्यांना डोळे मिटून त्याच ऑफिसात पाठवले.

छोट्या गावात हा प्रसंग प्रत्येक शागिर्दावर येणार. विचारणारे परके नसतील. चाचा, मामू, शेजारी, कधी सख्खा बापही असेल. म्हणून मुलांइतकेच हे आम्हा वडीलधाऱ्यांनाही सांगणे आहे. त्यांना विचारूच नका. ऑफिसातून आलेल्या मुलाला जेवायला वाढा, कोणाची उलाढाल किती हे विचारू नका.

शिवाय, सीझन आला, लग्न निघाले, दुकानात माणूस नाही, म्हणून त्याला घरी ओढू नका. आम्ही आमच्या थोरल्याला असेच ईदच्या सीझनला महिनाभर गादीवर बसवले होते. मोठ्या ऑडिटचे काम तेव्हाच आले आणि ते दुसऱ्या मुलाला मिळाले. थोरला आम्हाला त्याबद्दल कधी बोलला नाही. आम्हीच विसरू शकलो नाही. तसेच नाव एका ऑफिसात आणि मुलगा दिवसभर क्लासात, अशी कागदावरची उमेदवारी करून घेऊ नका. परीक्षा कदाचित निघेल, हात मात्र रिकामा राहील. मुलगी असेल तर कामाच्या वेळा, बाहेरगावचे ऑडिट, परतण्याची सोय, हे पहिल्याच दिवशी ऑफिसात मोकळेपणी विचारून घ्या, आणि मग मध्येच तिचे पाय ओढू नका.

या दोन वर्षांत मानधन बेताचेच मिळेल. त्याच वयाचा शेजारचा मुलगा दुकानात बसून जास्त कमावताना दिसेल आणि घरात कोणीतरी ते बोलून दाखवील. तेव्हा बापाने मुलाच्या बाजूने बोलावे. या वर्षांत त्याला पैसे साठवायचे नसून नाव साठवायचे आहे. ज्याच्या हाती वही निर्धास्त देता येते, असा माणूस बाजाराला नेहमीच कमी पडतो. आम्हालाही पडतो.